बोराजींना दाखवलेली नंदादेवी

मल्लीताल, नैनिताल

दीदी, पैलाग.

धाकट्या गुमानचा तुला आणि जीजाजींना वाकून नमस्कार. अल्मोड्याला थंडी पडली असेल. जीजाजींच्या गुडघ्यांना जप (तुझी जीभ ठणठणीत असणारच). इकडे सगळं उत्तम. माझ्या लेकीला, आपल्या हंसाला पाहायला हल्द्वानीचे बोराजी, त्यांच्या पत्नी आणि मुलगा कैलास येऊन गेले. पाहुणचाराची बाजू मी एकट्यानं सांभाळली.

बोरीणबाईंना बर्फाची शिखरं पाहायची होती. रोपवेनं जाऊ म्हणाल्या. मी म्हटलं, रोपवे परक्यांसाठी. बांज-ओकच्या जंगलातून माझी जवळची वाट आहे. (होती. मध्यंतरी तिथे कुणीतरी बंगला बांधलाय.) मोठा वळसा घेऊन वर पोचलो तर जिकडेतिकडे धुकं. पाहुणे हिरमुसले. यजमानानं गप्प कसं बसावं? धुक्याकडे बोट करून मी त्रिशूल दाखवला, नंदादेवी दाखवली. बोराजींनी भक्तिभावानं हात जोडले. तेवढ्यात धुकं फाटलं आणि बोरीणबाई ओरडल्या, "अहो, हे तर आपलं हल्द्वानी! ती बघा गौला नदी!" बोराजींनी जोडलेले हात हळूच खिशात घातले. आता वळसा घेताना डोंगराची बाजू बदलली, यात माझा काय दोष? आणि स्वतःचं गाव असं वरून पाहायला किती जणांना मिळतं?

तरी उणीव राहू नये म्हणून त्यांना तलावावर नेलं. नाववाल्याला उतरवलं, नैनितालचा माणूस असताना वल्हवायला दुसरा कशाला? (नावेत मी पूर्वी बसलो नव्हतो, पण जन्मभर दुकानातून तेच तर बघतोय.) मध्यावर नाव जागच्या जागी फिरू लागली. चारी बाजूंची शोभा दिसावी म्हणून मी ती फिरू दिली. मग एक वल्हं निसटलं आणि तल्लीतालकडे, तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तरंगत निघालं. बोरीणबाईंनी हनुमान चालिसा सुरू केली.

आणि दीदी, जिला मी घरी पुवे तळायला बसवलं होतं ती हंसा, ओढणी कमरेला खोचून, दुसरी नाव वल्हवत आली! मला म्हणते, "बाबू, आता कुठं बोट दाखवू नका, गप बसा." आणि कैलासला, त्याच्या आईबापांसमोर, "अरे, हसतोस काय? दोर धर!" चक्क अरे-तुरे! मुलानं मुकाट्यानं दोर धरला. हंसानं आमची नाव ओढत किनाऱ्याला आणली. नाव वाचली, स्थळ बुडालं, असंच मला वाटलं. घरी येऊन जेवलोसुद्धा नाही.

पण परवा होकार आला! पाहुणचार अंगातच असावा लागतो, दीदी.

तुझा,
गुमान

ता. क. लग्नाची बोलणी करायला "घरातलं कुणी मोठं माणूस" असावं, असं बोराजींनी कळवलंय. मी हजर असेनच, पण बोलायचं तू. (हेही त्यांनीच कळवलंय.) लगेच निघ.

आणखी एक ता. क. बुआ, पैलाग. मी हंसा. पत्र टपालात टाकायला दिलं होतं, ते वाचलं. मी आणि कैलास कॉलेजात तीन वर्षं बरोबर होतो. स्थळ त्यानंच घरी सुचवलं. नाव उलटली असती तरी होकारच येणार होता. बाबूंना मात्र सांगू नकोस. आपल्या पाहुणचारानं लग्न जमलं म्हणून बाजारभर मिठाई वाटत फिरतायत. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नाही.