उजव्या दंडावरची खूण

मालाबोन, सप्टेंबर १८९६

प्रिय पेत्रा,

तुझा भाऊ कासिआनो कोठडीतून सुटून बुधवारी घरी आला, हे ऐकून बरं वाटलं. खरंच. बाकीचे चौदा जण आत सडताहेत आणि हा एकटाच कसा सुटला, असं नदीवर धुणं धुताना बायका कुजबुजतात. मी म्हटलं, पेत्राने नवस केला असेल.

तुझी आठवण फार येते गं. माझी मावशी वारली असं सांगून आपण नऊ दिवसांची प्रार्थना मांडली होती, आठवतं? मला मावशीच नाही! पुढच्या खोलीत आपण दोघी गळा काढून जपमाळ ओढायचो आणि मागच्या खोलीत आपले पुरुष स्पेनचं राज्य उलथून टाकायच्या शपथा घ्यायचे. "हळू रड बाई, मावशी उठून बसेल," असं तू कानात म्हणालीस आणि हसू दाबताना मला ठसका लागला.

शपथ घेताना डाव्या दंडावर चीर द्यायची आणि त्या रक्ताने सही करायची, ही आपल्या गुप्त संघटनेची रीत. माझा सिल्वेस्त्रे त्या दिवशी उशिरा आला, तोवर बाकीचे पांगले होते. तो पडला डावखुरा. सुरी डाव्या हातात, मग चीर उजव्या दंडावर, तीही नको तेवढी खोल. तूच पेरूच्या पाल्याचा काढा करून जखम धुतलीस. "नवरा शूर आहे तुझा, पण त्याला डावं-उजवं कळत नाही," म्हणालीस. ती खूण आपण दोघींनीच पाहिली.

परवा, गुरुवारी, शिपायांनी मासळी बाजारात पुरुषांना रांगेत उभं केलं. नाईक एकेकाची डावी बाही वर करायला लावत होता. सिल्वेस्त्रेपाशी आला आणि म्हणाला, "तू रे, उजवी." नुसतं एवढंच. तिथंच त्याला बांधून नेलं. आता त्याला गोळी घालतील म्हणतात.

आपले लोक फितूर शोधताहेत. पाववाला बर्नाबे ठाण्यात पाव पोचवतो, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. उद्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याला बांबूच्या बेटात नेणार आहेत. म्हाताऱ्याला नात आहे, तुझ्या ओट्यावर खेळते तीच. मी आज संध्याकाळी आपल्या लोकांकडे जाऊन फितुराचं खरं नाव सांगणार आहे. भाऊ माझा असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे. पण तुला माफ करायला मन धजत नाही. दुपारी खाडीपलीकडे बाताआनला होडी जाते. कासिआनोला घेऊन तिच्यात बस. मी अंधार पडेपर्यंत थांबते, त्याहून जास्त मला जमणार नाही.

काही झालं तरी तुझीच,
फेलिसा