सुक्याची पाठ

६ एप्रिल. चोपडा.
आज सकाळी सुक्याला गमतीत म्हणालो होतो, केळीच्या घडाला ऊन लागू नये म्हणून पिशवी घालतात, आपलं डोकं काय फुकटचं? हसला. बारा वाजता आमच्या टोळीतले यशवंतनाना बागेतच कोसळले. साठीचा माणूस, असल्या उन्हात. सु.ने खांद्यावरचा घड खाली टाकला, ट्रॅक्टरवर चढला. "घडले पिशवी घालतस. आमनं डोकं काय फुकटनं शे?" बठ्ठ्यांनी, झाडून सगळ्यांनी, कोयते खाली ठेवले. मीसुद्धा. वाक्य माझं, पण मला ते ओरडता आलं नसतं. नाना रात्री शुद्धीवर आले.

१४ एप्रिल
संप चालूच. मागणी एकच, ऊन तापायच्या आत, अकराला काम बंद. सु. आज पहूरला, उद्या साक्रीच्या ऊसतोडवाल्यांकडे. त्याचं घडाखाली खांद्यावर घ्यायचं गोणपाट माझ्याच पिशवीत राहिलं.

२१ एप्रिल
धुळ्याची सभा. मी मागे उभा. पोरं 'सुखदेवभाऊ, सुखदेवभाऊ' करत होती. सुक्या म्हणून हाक मारणार होतो, जीभच उचलेना. चौदा वर्षं मी त्याची पाठ बघितली. मी कापणार, तो माझ्याकडे पाठ करून उभा. मी 'घे' म्हणायचं, त्याने खांदा द्यायचा. मागे वळून बघायचं नाही, कोयता कुठे आहे ते मला माहीत. आज तासभर नुसतं तोंड बघितलं. बोलतो झकास. माझा मात्र जीव थाऱ्यावर येईना.

३ मे
जिंकलो! अकराला काम बंद, नानांना पेढा भरवला. सावलीत बसलो. ही सावली त्यानेच मिळवून दिली, आणि शेजारी तोच नाही. मुकादम म्हणाला, "आखो किती दिन वाट दखशी रे? रफिकले घे ना." रफिक जळगावचा, चटईच्या कारखान्यातून आलेला. चांगला आहे. नको म्हटलं. सु. येणार आहे म्हणून थाप मारली.

११ मे
थाप खरी झाली! सु. आला. सोबत दोन गाड्या, कॅमेरेवाले. निवडणुकीला उभा राहतोय. फोटो हवा होता, घड खांद्यावर घेतलेला. मी गोणपाट दिलं. पांढरा सदरा डागेल म्हणून कुणीतरी अडवलं, पण त्याने घेतलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाठ करून उभा राहिला. मी कोयता उचलला, 'घे' म्हणालो.
त्याने मागे वळून बघितलं.
"जपीसन रे," म्हणाला.
चौदा वर्षांत 'जपून' हा शब्द नव्हता आमच्यात. घड घेतला, फोटो निघाले, चार पावलांवर दुसऱ्याने उतरवून घेतला. जाताना मिठी मारली. "मन्हा संगे चाल, गाडीमा बस." बागेत कधी येशील, विचारलं. "येस ना, निवडणूक होऊ दे." गोणपाट परत माझ्या हातात.

१३ मे
दोन दिवस मजुरांच्या चहाच्या टपरीवर त्याचा तोच फोटो. कोयता धरलेला हात तेवढा माझा आला आहे.
आज रफिक माझ्यापुढे उभा राहिला. गोणपाट त्याने स्वतःचं आणलं, सु.चं मी दिलं नाही. पाठ केली, मान खाली घातली. एकदाही मागे बघितलं नाही. 'घे' म्हणायला मलाच वेळ लागला.
अकराला मुकादमाने विचारलं, "मंग, जोडी पक्की?"
म्हटलं, आजच्यापुरती.