जांभळ्या काठाची घडी

माय, गेल्या सोमवारपासून माझ्या अंगावरून परत जायला लागलंय. दीड वर्ष बंद होतं. आता सुटले म्हणून मी निर्धास्त झाले होते, आणि सोमवारी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढता वाढता ते ओळखीचं ओलं लागलं. आधी वाटलं घाम असेल, कारण हल्ली घाम कधी आणि कुठून फुटेल याचा नेम नाही. मागं जाऊन बघितलं तर घाम नव्हता. आज शुक्रवार आहे. लेकरं घरी गेली, मदतनीस बाई भांडी घासून गेली, आणि मी जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुला लिहीत बसलेय. घरी लिहिता येत नाही. घरी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय, नववा महिना लागलाय, आणि मी कागद हातात घेतला की ती मान लांब करून डोकावते. तीच ही, जिला तू पायांवर घेऊन न्हाऊ घालायचीस.

मला भीती वाटतेय, सरळच सांगते. आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय, कारण गावातल्या बायकांना जमवून याच गोष्टी सांगणारी मीच आहे. दर महिन्याच्या बैठकीत मी खुर्चीवर बसून ऐटीत बोलते, 'बायांनो, पाळी एकदा बंद झाली आणि परत गेलं, अगदी डाग जरी लागला, तरी एक दिवस थांबू नका, लाजू नका, दवाखाना गाठा.' डोंगरकड्याकडच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईला मी स्वतः हाताला धरून वसमतला नेलं होतं. तिचं काही विशेष निघालं नाही. गोळ्यांवर भागलं, आणि तिनं मला पेढे दिले. ते आठवून मी स्वतःची समजूत घालते की आपलंही तसंच असेल. मग संडासात जाते, बघते, परत हात धुते. अर्ध्या तासानं परत जाते. पाच दिवस झाले, माझं दुसरं काही चाललेलं नाही. आणि मनात सारखा हिशेब एकच, की पोरीची तारीख पंधरा दिवसांवर आलीय, पुढं सव्वा महिना. तिला सासू नाही. मी दवाखान्यात अडकले तर तिचं कोण करील? एवढं बाळंतपण होऊ दे, मग जाईन. हे वाक्य मनात आलं ना, तेव्हा ते मला माझं वाटलंच नाही. ते तुझं होतं.

तुला हळद शिजवायचा तो दिवस आठवतो का? मी तेरा वर्षांची. शेतात भट्टीवर कढई चढलीय, वरून हळदीचा पाला आणि ओली पोती झाकलीत, वाफेचा उग्र वास नाकात बसलाय. मी शिजलेली हळकुंडं पसरवत ओणवी, आणि तू मागून येऊन माझा परकर मुठीत गोळा करतेस. मला काही कळत नाही. मग हाताला लागलेलं दिसतं आणि मी भोकाड पसरते. तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. 'काहून बोंबलून राहिलीस? मेली न्हाईस तू. समद्या बायांचं असंच असतंय.' मग कमरेला पोतं गुंडाळून दिलंस आणि आजी बसली होती तिकडं बघून हळूच म्हणालीस, 'दोन कढया राहिल्यात. त्या उतरल्या की सांगू. तवर गप ऱ्हा.' कारण आपल्यात बाजूला बसलेली बाई कढईजवळ गेली की हळद काळी पडते म्हणायचे, आणि कामातून माझे हात गेले असते तर तुझ्यावर दुप्पट काम पडलं असतं. मी दिवसभर त्या टोचणाऱ्या पोत्यात हळद पसरली. त्या साली हळद पिवळीधमक निघाली. व्यापाऱ्यानं हातात घेऊन कौतुक केलं तेव्हा तू माझ्याकडं बघून डोळा बारीक केलास. मला तेव्हा फार मजा वाटली होती. आपलं गुपित होतं ते. आता वाटतं, कामाचं निभेपर्यंत अंगातलं सांगायचं नाही, हा पहिला धडा मी त्या भट्टीजवळ घेतला.

त्याच संध्याकाळी तू पेटीतलं तुझं हिरवं लुगडं काढलंस, लाल काठाचं, आणि टराटरा फाडलंस. मी म्हटलं, अगं चांगलं आहे की. तू म्हणालीस, 'नवं कापड टोचतं, बाई. कापड कसं पाह्यजे, चार वर्सं अंगावर राबलेलं.' तुकडे करून, काठाच्या बाजूनं घड्या घालून माझ्या हातात दिलेस. आयुष्यात तू मला दागिना असा कधी दिला नाहीस, पण एवढं मऊ काही मला कुणीच दिलं नाही. सोबत दटावणीही दिलीस, की वाळत घालायचं ते दुसऱ्या लुगड्याखाली, बाप्यामाणसाच्या नजरेला पडता कामा नये. पावसाळ्यात ती कापडं कधी नीट वाळायची नाहीत. दमट कापड घेऊन शाळेत जायचं, मांड्या सोलून निघायच्या, आणि बाई बस म्हणाल्या तरी उभं राहावंसं वाटायचं. आज मी पोरींना पॅडची पाकिटं वाटते तेव्हा एखादी नाक मुरडते, 'बाई, हे रुततंय.' मला हसू येतं आणि थोडा रागही येतो.

तुझी पाळी बंद झाली तेव्हाची तू मला फार आवडायचीस. अंगातून वाफा निघायच्या, भर थंडीत लिंबाखाली बसून सुपानं वारा घ्यायचीस, मधेच बाबांवर खेकसायचीस, पण चेहरा कसा उजळला होता! लोणचं घालायचं, पापड लाटायचे, देवाला शिवायचं, कुठल्या दिवशी काय हे विचारायलाच नको. 'सुटले बाई,' तू शेजारणीला सांगायचीस, 'आता महिनाभर घर माझंच हाय.' आयुष्यात पहिल्यांदा तुला चार दिवस पायरीवर बसून हाक मारावी लागत नव्हती. माझं बंद झालं तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही, पण तुझी ती मान वर करून चालण्याची ढब मला आठवली आणि मीही दोन दिवस तशी चालून बघितली.

आणि मग माझं बाळंतपण. आतल्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, दाराला घोंगडं लावलेलं. सकाळी तू मला तेल लावायचीस, कढत पाण्यानं शेकायचीस, मग जुन्या लुगड्याचा पट्टा पोटावर असा आवळायचीस की श्वास अडकायचा. मी ओरडले की म्हणायचीस, 'आता सोस, म्हातारपणी मला दुवा देशील.' तुझे अंगठे पाठीच्या मणक्याशेजारून खाली सरकायचे तेव्हा मला वाटायचं, हे कधी संपूच नये. तुझ्याशिवाय मला कुणाचाच हात चालत नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाहीत, म्हणून कापडं त्याच खोलीत, दोरीवर, उघडी वाळायची. माझ्यासाठी फाडलेली कापडं सगळी त्या हिरव्या लुगड्याच्या उरलेल्या भागाची होती. विसाव्या दिवशी की कधी, मी पडल्या पडल्या दोरीकडं बघत होते, आणि त्यात जांभळ्या काठाचा एक तुकडा दिसला. दुसऱ्या दिवशी तीन होते. मी विचारलं, 'माय, हे जांभळं कुणाचं?' तू लेकराला घुटी देत होतीस. मान वर न करता म्हणालीस, 'कुणाचं असंल? तुझंच हाय. तुला लई जाऊन राहिलंय म्हणून आणखी फाडलं.' अंगावरून जाणाऱ्या बाईची सावली पडली तर लेकरू सुकतं, तिनं बाळंतिणीला शिवायचं नाही, असं तेव्हा घरात सगळेच मानत होते. तुझं परत सुरू झालंय हे कुणाला कळलं असतं तर तुला त्या खोलीच्या बाहेर बसावं लागलं असतं. अख्ख्या घरात तुझं कापड वाळवायला एकच जागा होती, माझ्या कापडांच्या शेजारी. आणि लेकरू सुकलं नाही, माय. बाळसं धरून चांगलं गुबगुबीत झालं.

सव्वा महिन्यानं मी सासरी गेले. तू नांदेडच्या दवाखान्यात दाखल झालीस तेव्हा पोरगी रांगायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून जातंय? तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, 'झाले असतील दोन महिने.' मी ते खोडलं नाही. त्या म्हणाल्या, लवकर आला असतात तर पिशवी काढून टाकली असती. तू पोरीचा वाढदिवस बघितला नाहीस. शेवटी शेवटी मीच तुला कापड घ्यायचे, आणि पेटीतलं सगळ्यात मऊ शोधून शोधून घ्यायचे. तू डोळे मिटून म्हणायचीस, 'बराबर हाय.'

आता कालचं सांगते. काल दुपारी लेक न्हाणीघरातून आली आणि म्हणाली, 'आई, मोरीच्या फळीवर पॅडचं पाकीट हाय, अर्धं झालंय. कुणाचं?' मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही. म्हटलं, 'कुणाचं असेल? तुझंच. बाळंतपणात लागतं म्हणून आणून ठेवलं.' ती म्हणाली, 'मग अर्धे कुठं गेले?' मी म्हटलं, 'पोरींना दिले अंगणवाडीत.' ती 'बरं' म्हणाली आणि गेली. पण दारातून वळून एकदा माझ्याकडं बघितलं. तव्यावरची भाकरी करपली, माय. वास आला तरी मला ती उलटायचं सुचेना, कारण तो आवाज मी ओळखला होता. खाली घातलेली मान तीच, आणि 'कुणाचं असंल' सुद्धा तेच. मी तुझ्यासारखी दिसते असं बाबा म्हणायचे, तेव्हा मला बरं वाटायचं. काल नाही वाटलं.

त्यावर रात्रभर विचार केला असं नाही. झोप लागली, दमले होते. पण आज सकाळी एका लेकराचं वजन मी दोनदा चुकीचं लिहिलं. मला काय झालंय ते माहीत नाही. काही नसेलही. त्या तांड्यावरच्या बाईसारखे कदाचित मीही पेढे वाटीन. पण माहीत नसणं आणि न बघणं यात किती अंतर आहे ते मला तुझ्यामुळं कळलंय, आणि तरी मी पाच दिवस काढले. उद्या सकाळच्या गाडीनं वसमतला जाते. आज घरी गेल्या गेल्या पोरीला सांगणार आहे, की ते पॅड तुझे नाहीत. ती घाबरेल, रडेल, कदाचित भांडेल. भांडू दे. तेल लावायला मी नसले तर तिची आत्या लावील, नाहीतर शेजारीण लावील. पाठ थोडी कमी शेकली जाईल.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पाठवायला जागाही नाही. पानं फाडून खिचडीच्या चुलीत घालीन. पण पोरीला सांगायच्या आधी एक गोष्ट तुला सांगायला हवी होती. तुझं खोटं मला खरं वाटलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं. बाबांना, बहिणीला, नवऱ्यालाही. तसं नव्हतं. जांभळ्या काठाचं ते लुगडं तुझं रोजचं होतं, आणि आठवडाभरापासून तू दुसरंच नेसत होतीस. कापड कुणाचं ते मी त्याच दुपारी ओळखलं होतं, माय. पण माझी पाठ दुखत होती आणि सव्वा महिना संपायला अजून बरेच दिवस होते. मी 'बरं' म्हणाले, आणि उद्याचं पाणी अजून थोडं कढत कर म्हणून तुला सांगितलं.