खोडलेली ओळ

सोमवार, ता. ११, दुपार

ताई,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस, की नेहमीसारखं उद्यावर ढकलतेस? इकडे सगळं ठीक. पोरगी सायकल शिकली, कोपर फोडून घेतलं. मला नवा चष्मा लागला. ठीक म्हणजे... अगं, शुक्रवारपासून घास उतरत नाहीये.

घटनेत ज्या समाजांची नावं नव्यानं घालायची, ती यादी आमच्याच छापखान्यात आली. जिच्यासाठी तू वीस वर्षं मोर्चे काढलेस, डोकं फोडून घेतलंस, तीच. आमचं काम तुला ठाऊक आहे. मी मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं, माझ्या जोडीच्या नानानं छापील पानावर बोट फिरवत जुळवायचं. शुक्रवारी एकेक नाव वाचत चाललो होतो. आपल्या समाजाचं आलं आणि जीभच उचलेना. आडनाव बदललं तेव्हापासून, बावीस वर्षांत, ते तोंडातून काढलेलं नाही ना! मी सरळ पुढचं वाचलं.

नाना थांबला. "इथं एक नाव जास्तीचं आलंय रे. खोडू?"

मी म्हणालो, "खोड."

हो, मीच म्हणालो. माझ्या डोळ्यांदेखत लाल रेघ ओढली गेली. ते पान तसंच छापलं असतं, तर तुझ्या वस्तीतल्या एकाही पोराला जातीचा दाखला मिळाला नसता.

दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. ही विचारत राहिली, "बिनसलंय काय?" काय सांगू? लग्नात मी तुला 'ओळखीच्या बाई' म्हणून मागच्या रांगेत बसवलं, तेव्हापासून हिच्याशी खोटंच बोलत आलोय. आणि तू मुकाट्यानं जेवून निघून गेलीस. एक शिवी तरी हासडायचीस गं!

आज सकाळी छपाईआधी साहेबांकडे गेलो. म्हणालो, माझ्याकडून एक ओळ सुटली. साहेब उखडले, पण छपाई रोखून धरली आणि पान पुन्हा वाचायला लावलं. या वेळी वाचलं. नानानं त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "एवढ्या नावांत हेच बरं सुटलं तुझ्याकडून?"

"ते माझं आहे," मी म्हणालो.

पंधरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. आज नाना एकटाच डबा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसला. ऊन हवं असेल, असं मी स्वतःला समजावतोय. पानावर नाव लागलं, ताई, पण आमच्या या टेबलावर ते कोण लावणार?

हिला आज घरी गेल्यावर सांगणार आहे. तू येशील? पुढच्या खोलीत, खुर्चीवर बस. पोरीला मी सांगेन, ही तुझी आत्या.

आजवर पाकिटामागे माझं नाव घातलं नाही. या वेळी घातलंय, आपलं जुनं आडनाव, घरच्या पत्त्यासकट. तुला पत्र घ्यायचं नसेल तर ते परत येईल, थेट हिच्या हातात. येऊ दे.

तुझा, आणि आता चारचौघांत आपल्यातला,
धाकटा