पत्र्यावरचा काळा रंग

८ जानेवारी १९५७, मंगळवार
भाऊजी अकोल्याहून आले. चहाही न घेता मोटारखान्यात गेले. गाडीचं बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. कापूस, तुरीची टरफलं, कुरतडलेल्या वायरी. श्रावणात ह्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. दसऱ्याला मी तेवढा रंग लावून घेतला. हे दरवर्षी बॉनेट उघडून पूजा करायचे, म्हणून आतल्या पत्र्यालाही काळा हात दिला. वरून नवी दिसते. आत ही दशा.

मंगरूळचा एक जण वरातींसाठी गाडी विकत घेतो म्हणतो. दिवे आणि हॉर्न चालू हवेत. मिस्त्री भाऊजीच पाठवतील.

"आणि सही?" मी विचारलं.
"अंगठा घेऊ. दादाला काय कळतंय आता, वहिनी."

हे तिथेच, दोन हात अंतरावर, खुर्चीत. स्वतः डॉक्टर असताना रोग्याच्या माणसांशी बोलायचं तर त्यांना खोलीबाहेर नेत. आत ऐकणारा माणूस आहे, म्हणत.

मी म्हटलं, त्यांना समजल्याची खूण मिळाल्याशिवाय अंगठ्याला शाई लागणार नाही.
"मग विचारा त्याला. काही म्हणाला तर मलाही कळवा." हे बोलताना भाऊजी हसले नाहीत. शेवटी सख्खे भाऊ. त्यांचेही डोळे... असो.

१० जानेवारी, गुरुवार
रिसोडच्या मोटारीने उस्मान मिस्त्री आले. ह्यांची खुर्ची मोटारखान्याच्या दाराशी उन्हात ठेवली. मिस्त्रींनी आधी ह्यांना सलाम केला. "डॉक्टरसायेब, तुमी तं गाडी लय जपली. पन उंदराले कोन सांगन?"

किती महिन्यांनी कुणी ह्यांच्याशी थेट बोललं. लोक माझ्याशी बोलतात, ह्यांच्याकडे बघत. मी उगीच आत जाऊन पाणी प्यायले.

११ जानेवारी
वायरी एकजात काळ्या. लढाईच्या दिवसांत दुसऱ्या मिळत नव्हत्या, तेव्हा ह्यांनी स्वतः घातलेल्या. ओळखू याव्यात म्हणून टोकांना माझ्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. मी फाडून द्यायची, हे बांधायचे.

"बाई, हे तं लुगड्याचं दुकान हाय. सांगा आता, कोन्तं कायचं?"

हिरवं इरकली पुढच्या दिव्यांचं. जांभळं डायनमोचं. मिस्त्री एकेक नवी वायर घालतात आणि जुनी चिंधी सोडून नवीला बांधतात. मी सांगितलं नव्हतं.

एक पिवळी मात्र माझ्या हातची नाही. माग काढला तर हॉर्नची निघाली. माझ्या लग्नातल्या अष्टपुत्रीची किनार. तिला कात्री कधी लावलीत, मी विचारलं. हे अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत होते.

१३ जानेवारी, रविवार
आज हॉर्नचा रिले बसवला. काडेपेटीएवढी डबी. इंजिनामागच्या पत्र्यावर, दोन स्क्रूंनी. हे काय करतं विचारलं.
"हा मधातला दलाल हाय, बाई. बटन याच्या कानात सांगते, अन् हा हॉर्नले हुकूम देते."
गंगू भांडी घासता घासता म्हणाली, "मंग आमच्या घरी सासू हायेच."
मी हसले. मग ह्यांच्याकडे बघितलं. डावा हात खुर्चीच्या हातावर, तर्जनीचं नख लाकडावर घासत होतं. खर्र. खर्र.

१४ जानेवारी, संक्रांत
हॉर्न वाजत नाही. दिवे लागतात, डायनमो ठीक. रिलेत टक् म्हणून आवाज व्हायला हवा, तो होत नाही. "काहून नाई बोलून राह्यला हा, मलेच समजून नाई राह्यलं," मिस्त्री.

ह्यांना तिळगूळ भरवला. तोंडातून सांडला. दिवसभर खुर्चीचं लाकूड खरवडणं चालू. गंगू म्हणते, ढेकूण असतील. खुर्ची उन्हात उलटी करून झटकली. काही नव्हतं.

१५ जानेवारी
खरवडून खरवडून बोटातून रक्त. हळद लावली. पाचही नखं अगदी मुळापर्यंत कापली. हात ओढून घेत होते. मी दोन्ही हातांनी धरून कापली. "लागतंय तुम्हाला, कळत नाही का," मी म्हणाले. नंतर वाटलं, मीही भाऊजींसारखंच बोलले.

नख नाही तरी नुसतं बोट घासतात. आवाज होत नाही इतकंच.

१६ जानेवारी
मिस्त्री दुसरा रिले आणायला रिसोडला. म्हणाले, ह्या डबीतच खोट असन. त्यांच्यावाचून मोटारखाना सुना. ह्यांना तरीही तिथेच बसवलं.

१८ जानेवारी, शुक्रवार
नवा रिलेही मुका. मिस्त्री खाली बसले, बिडी पेटवली, विझवली. मग काय मनात आलं, सुट्या वायरीचा तुकडा घेऊन एक टोक डबीच्या पत्र्याला आणि एक इंजिनाला लावलं.

टक्.

"बाई, हा पत्रा कोनं रंगवला? याले तं खालच्या लोखंडाले टेकाव लागते, तवाच करंट फिरते. मधात रंगाची भिंत हाय. सांगनार कसा हा बापडा?"

मी रंगवला. पूजेसाठी.

रिले काढून मिस्त्रींनी चाकूने तिथला रंग खरवडायला घेतला. खर्र. खर्र. तोच आवाज. माझ्या हातात चहाची कपबशी होती, ती मी खाली ठेवली. ह्यांच्याकडे वळायचं धाडस होईना. वळले तेव्हा डावा हात मांडीवर शांत पडलेला होता. पाच दिवसांत पहिल्यांदा.

हॉर्न वाजला. पूर्वी रोग्याकडून परतताना फाटकाशी वाजायचा, तस्सा. ह्यांनी मान वळवली नाही. डाव्या डोळ्यातून पाणी. पण त्या डोळ्यातून रोजच येतं.

मिस्त्रींना विचारलं, साहेब तेच सांगत होते का? त्यांनी बराच वेळ हात पुसले. "अल्लाले ठाऊक, बाई. पन म्या त्याइच्याकडं पाह्यलं असतं तं दोन दिस वाचले असते."

२१ जानेवारी, सोमवार
भाऊजी आणि मंगरूळचे गृहस्थ आले. गाडी पसंत. शाईची डबी भाऊजींच्या खिशात.

मी सगळं सांगितलं. भा. शांतपणे ऐकून म्हणाले, "वहिनी, तो ताटही खरवडतो. दिवाळीत मी पाहिलंय."

खरं आहे. मीही पाहिलं आहे.

तरी म्हटलं, आज अंगठा नाही. ते गृहस्थ चहा पिऊन गेले. भा. ह्यांच्यासमोर उकिडवे बसले. "दादा, गाडी ठेवायची का?" असं दोनदा विचारलं. श्रावणापासून पहिल्यांदाच विचारलं असेल. हे त्यांच्या सदऱ्याच्या बटणाकडे बघत राहिले. भा. उठले. "शिवरात्रीपर्यंत थांबतो."

मला राग येईना त्यांचा.

२७ जानेवारी, रविवार
कालपासून पुन्हा सुरू. त्याच खुर्चीवर, आधीच्या ओरखड्यांच्या जरा पलीकडे.

गाडीत आता सगळं चालतं. तरी मी चाकू घेऊन गेले. बॉनेट उघडलं, जिथे जिथे काही स्क्रूने बसवलं आहे तिथे थोडा थोडा रंग काढून पाहिला. प्रत्येक वेळी मागे वळून विचारलं, इथे? इथे? बोट थांबलं नाही. म्हणजे गाडीचं नसेल. किंवा कशाचंच नसेल. किंवा मी अजून...

दुपारी न्हावी आला. ह्यांची दाढी केली, मग डावा हात हातात घेऊन म्हणाला, "नखं वाढून राह्यली, बाई. काढू?"

मी म्हटलं, नको. राहू द्या.