फोन चालू, बोलणं बंद

मंगळवार, १० एप्रिल २००७. राजुरा

वीज पडली. घरावर नाई, मागच्या वावरातल्या मोहाच्या झाडावर. पण मेला आमचा कॉम्प्युटर. अन् तोही रुबी बोलता बोलता.

आमच्या घरचा कायदाच आहे, आभाळ गुरगुरलं का पहिले सगळं काढायचं. टीव्हीचा प्लग, फ्रिजचा प्लग, फोनची तार. आज मीच मोडला. लेक रुबी अकोल्याहून, सासरहून कॅमेऱ्यावर बसली होती. गडगडाट सुरू झाला, पण तिले कुठून ऐकू येणार, पोटातूनच तशी आली पोट्टी. मी हातानं सांगतलं, वीज, बंद करते. ती म्हणे, थांब. मागं वळून दाराकडं पाह्यलं. मग छातीवर बोट ठेवलं, मी. दोन्ही हात टेकवून छप्पर केलं, घर. मग उजवा हात वर उचलला अन् फाट्कन आवाज झाला. पडदा काळा.

मी. घर. पुढं काय, बाई?

एक मिनिट, एक मिनिट करत बसली मी. या अल्ला.

बुधवार, ११

कॉम्प्युटर सुरू झाला! सकाळच्या शाळेतून आल्या आल्या बटन दाबलं तर पंखा घरघरला. मले तर नाचावंसं वाटलं. पण पडद्याच्या कोपऱ्यात ते दोन छोटे कॉम्प्युटर दिसतात न, त्याच्यावर लाल फुली. म्हणते काय, नेटवर्क केबल अनप्लग्ड. अरे मेल्या, लावली आहे ना तुह्या डोळ्यासमोर! काढली, फुंकली, लावली. मागून लावली, पुढून लावली. फुली तशीच. मोडेमचे बाकी दिवे जळतात, कॉम्प्युटरच्या नावाचा एक तेवढा विझलेला.

हे दुकानातून जेवायले आले. रजईचा कापूस अजून मिशीले. म्हणे, "फोन चालू आहे ना? मग काऊन जीव काढून राह्यली? लाव फोन."

लावला. समधननं, रुबीच्या सासूनं उचलला. "सगळं खैरियत आहे आपा. रुबी भाकरी टाकून राह्यली. बोलावू का?" मग तिचं तिलेच हसू आलं, "बोलावून काय करू म्हणा." मीपण हसली. फोन ठेवला अन् मोरीत जाऊन रडली.

गुरुवार, १२

कोणी म्हणन, मेसेज कर. मोबाईल एक, जावयाचा. जावयालेही ऐकू येत नाई, बोलता येत नाई, रुबीसारखंच, म्हणून तर जोडी जमली. पोरगा गरीब आहे, छापखान्यात काम करते. पण तो मोबाईल घरभर फिरते, दीर वाचते, सासू वाचून घेते. अन् रुबीचं लिहिणं कसं, "मी जेवण भात आई बरी." पोटातलं त्याच्यात मावते का? तिचं खरं बोलणं हातात. तेही माह्यासंग. लहानपणी आम्ही दोघींनीच चुलीपाशी बसून केलेल्या खुणा, कोणत्या शाळेतल्या नाई. ह्याईले जेवण, पाणी, दुकान, एवढंच येते.

टेलिफोन ऑफिसातले शेंडेभाऊ आले. लाइनमन. तार तपासली, डब्बा उघडला, फोन कानाले लावला. "टोन हाय बाई. आवाज एकदम साफ हाय."

मी म्हणलं, "भाऊ, आवाज साफ असून माह्या काय कामाचा?"

"मग तुमच्या कॉम्प्युटरात हाय. ते आमच्यात येत नाई." चहा पिऊन गेले. त्याईची चूक नाई. पण मले इतका संताप आला का तिसरीच्या पेपरात एकाचा बरोबर आलेला गुणाकार कापला. मग खोडून बरोबर केला.

शनिवार, १४. सुट्टी

आज डोकं लावलं. पोरांले शिकवतो तसंच, एकेक सोडून पाहायचं. तार खराब का मोडेम खराब का कॉम्प्युटर? मोडेम अन् तार पिशवीत टाकली, निमगडेभाऊच्या क्लासात नेली. ते इथी पोट्टेपोट्टींले कॉम्प्युटर शिकवतात, आमचा त्याईनंच बसवून देल्ला. त्याईच्या कॉम्प्युटरले लावलं तर तो विझलेला दिवा टक्कन हिरवा! मोडेम चांगला. तार चांगली. म्हणजे आमच्याच कॉम्प्युटरचं मागचं भोक मेलं, जिथी तार खुपसतात ते.

निमगडेभाऊ म्हणे, "एकदा फॉर्मॅट मारून पाहू मॅडम."

"ताप आला तर मुंडकं छाटता का हो?" म्हणलं. हसले बिचारे. म्हणे सोमवारी येतो, उघडून पाहतो.

घरी आली तर आभाळ निरभ्र, अन् ह्याईनं सगळे प्लग काढून ठेवलेले. बैल गेला अन् झोपा केला. फ्रिजमधलं दूध नासलं.

रविवार, १५

नाई राहवलं. चंद्रपूरले गेली, कॅमेरा असलेल्या नेटच्या कॅफेत. आधी समधनले फोन करून सांगतलं, रुबीले अकराले बसवा. आजूबाजूले पोट्टे गेम खेळून राह्यले होते, धाड धाड. सगळ्याईची एकच लाइन, चित्र सरकतच नव्हतं.

रुबी आली. चेहरा म्हणजे पिठाचा गोळा. हात उचलला का नुसता पांढरा फराटा दिसे. एक बोट ओळखू येईना. मी हातवारे करून सांगतलं, दिसत नाई, हळू. तिले माह्यं तरी दिसलं का कोण जाणे. ती बोलतच राह्यली. लय बोलली. इतकं मी तिले लग्नानंतर बोलताना पाह्यलं नाई. फराटेच फराटे. मी काचेले नाक लावून पाहून राह्यली होती, बाजूचा पोट्टा म्हणे, "आंटी, हेडफोन लावा ना."

मग लाइनच गेली.

बसमध्ये पूर्ण रस्ता तिचे हात आठवून पाह्यले. एक शब्द नाई लागला हाती.

सोमवार, १६

निमगडेभाऊनं डब्बा उघडला. मागच्या भोकापाशी काळा डाग. वास घेऊन पाह्यला, जळकट. पण बाकी शाबूत आहे म्हणे. आतल्या खाचेत नवीन लॅन कार्ड बसवलं का झालं, ही तार मग त्या कार्डाले. इथी नाई मिळत, नागपूरहून मागवतो. "केव्हा?" तर "येऊन जाईल." येऊन जाईल म्हणजे काय? पाहुणा आहे का तो?

समधनले फोन केला. काल कॅमेऱ्यावर रुबी काय म्हणत होती? "आता आपा, तुमच्या माय-लेकीच्या गोष्टी मले काय समजणार?" गोड बोलली. ती कधी कडू बोललीच नाई. माणूस वाईट नाई ते. मग मले रात्रंदिवस काऊन लागून राह्यलं?

गुरुवार, १९

ह्याईच्या संग वाजलं.

मी म्हणलं, अकोल्याले जाते. हे म्हणे, "रमजानमधी नाई, ईदले नाई, मधातच? बोलावलं कोणी? तीन महिन्यांत दोनदा जाऊन आली. त्याईले वाटन, लेकीवर पहारा ठेवते."

"वाटू द्या."

"'मी, घर' म्हणजे काहीही असन. म्हणत असन, आम्ही घर बदलून राह्यलो. नाईतर घरी मी एकटीच होते. नाईतर गोड बातमी असन, लाजत असन."

"नाईतर 'मले घरी न्या' असन."

हे सुई-धागा घेऊन उशीचं तोंड शिवत राह्यले. मग म्हणे, "कार्ड येऊ दे. तिच्या तोंडून ऐक, मग जा." तिच्या तोंडून! वीस वर्षांत ह्या माणसाले तिचं तोंड कुठी आहे ते समजलं नाई. असं म्हणायले नको होतं. म्हणलं.

मले भेव वाटून राह्यलं. लिहून ठेवते, कारण कोणाले सांगितलं तर म्हणतात, जास्त विचार करू नका मॅडम.

पेपर तपासून संपले. निकाल लावायचा आहे.

शनिवार, २१

कार्ड आलं. निमगडेभाऊनं बसवलं, सीडी टाकली, दोनदा बंद करून सुरू केलं. लाल फुली गेली. मोडेमचा दिवा हिरवा. मी त्या दिव्याकडं पाहून हात जोडले, निमगडेभाऊनं तोंड फिरवून हसू लपवलं.

समधनले फोन केला, रुबी बसली. अन् काय साफ चित्र! कानातले डूलसुद्धा दिसत होते. बारीक झाली का? मले तर झालेली वाटली. बाजूले खुर्ची टाकून समधन. स्पीकरातून, "सलाम आपा, सुधरलं का एकदाचं?" म्हणलं, सुधरलं.

रुबी हसली. हात चालले. पण कसे? शाळेत बक्षीस समारंभात पाहुण्यांपुढं बोलायची न, तसे मोठे, सावकाश, शाळेतल्या खुणांचे. बरी आहे. तुम्ही बरे? अब्बा बरे? ऊन लय आहे.

मी आमच्या खुणेत विचारलं, त्या दिवशी काय म्हणत होती? वीज पडली तेव्हा?

कधी, म्हणे.

मी. घर. पुढं?

आठवत नाई.

मी कॅफेत होती तेव्हा एवढं काय सांगत होती?

काही नाई. हेच.

ही पोट्टी! मी पाच वर्षांपूर्वी कोणत्या लग्नात कोणता दुपट्टा घेतला ते तिले पाठ. ती विसरली म्हणे. समधननं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "आईची आठवण येते हिले." खरंच प्रेमानं फिरवला असन. मी काय म्हणू?

बंद केल्यावर हे म्हणे, "पाह्य, मी म्हणत नव्हतो? सगळं ठीक आहे." अन् दुकानात गेले. चाल मात्र हलकी नव्हती.

रविवार, २२

सकाळी हेडमास्तरांच्या घरी जाऊन रजेचा अर्ज देल्ला. निकालाचं काम शेजारच्या वर्गाच्या बाई करते म्हणाल्या. ह्याईनं पिशवीत रुबीच्या आवडीची चारोळी आणून ठेवली अन् म्हणे, "मी येऊ का संग?" म्हणलं, नका. दोघं दिसलो तर घाबरतील.

दुपारी कॅमेऱ्यावर सांगतलं. उद्या येते. आज तिघं होते समोर, सुट्टी ना जावयाले. समधन एकदम चपापली, "या न आपा, घर तुमचंच आहे. पण असं अचानक? काऊन? तब्येत तर बरी आहे?" जावयानंही भुवया उडवून, तळवा फिरवून विचारलं, काऊन? मी दोघाईले सांगतलं, सहज. आठवण आली.

रुबीनं नाई विचारलं, काऊन. तिनं एवढंच विचारलं, किती वाजता पोचते.