हिरवट फळ्या

९ फेब्रुवारी
सुतारकाका दाराची कडी बसवायला आले होते. जाताना परसात डोकावले आणि भाजीच्या वाफ्यांपाशी थबकलेच. "ह्या फळ्या कुठल्या, वहिनी?" म्हटलं, बोटींचा जुना धक्का मोडला ना, तिथून ह्यांनी आणल्या. काकांनी पटाशीने खरवडून पाहिलं. आतपर्यंत हिरवट! "पाण्यात कुजू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड हे. सोमल असतो त्यात. मातीत उतरतो."

सोमल म्हणजे विषच की! आणि सातवा महिना लागलेली माझी लेक दोन आठवडे रोज त्यातला पालक खातेय.

१० फेब्रुवारी
ह्यांना सांगू कसं? ऑपरेशननंतर चार महिने माणूस भिंतीकडे बघत बसला होता. हे वाफे स्वतःच्या हाताने ठोकले तेव्हा कुठे हसले. येणाऱ्याजाणाऱ्याला ओढून नेऊन दाखवतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

काकांनी बजावलंय — फळ्या काढा, कडेची वीतभर माती काढा, आणि जाळू मात्र नका. विष राखेतही राहतं.

११ फेब्रुवारी
थाप मारली. "फळ्यांना वाळवी लागलीय. घरात शिरेल." तोंड एवढंसं झालं त्यांचं. पण संध्याकाळपर्यंत फळ्या उखडून विटा रचल्यासुद्धा. एका थापेने कुणाचं काय बिघडलं?

१२ फेब्रुवारी
हे दुपारी जरा आडवे झाले तेव्हा कडेची माती उपसून नवी भरली. पालकही उपटला. लेक ओरडली, "आई, वेड लागलंय का?" म्हटलं, कीड होती. दुसरी थाप.

१३ फेब्रुवारी
लेकीला तपासून आणलं. बाळ छान आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पालकाचं विचारायला जीभच रेटली नाही. भित्री मेली मी!

घरी आलो तर फळ्या गायब. "लावली विल्हेवाट," हे म्हणाले. कचऱ्याच्या गाडीला दिल्या असतील. जीव भांड्यात पडला.

११ मार्च
नव्या मातीतली मेथी काय कोवळी आलीय! आठवडाभर रोज ताटात. लेक मागून घेते.

१४ मार्च
जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मेथीला किडीचं एक भोक नाही!" हे खूश. "असेल कसं? वाळवीच्या फळ्या जाळल्या ना, डबाभर राख निघाली. रोज सकाळी भुरभुरतोय."

लेकीचं ताट ओढून घेतलं मी. डॉक्टरीणबाईंना फोन केला — आत्ताच्या आत्ता घेऊन या म्हणाल्या. लेक चपला घालतेय. हे दारात उभे, "अगं, झालंय तरी काय?" ही वहीच त्यांच्या हातात देते.